गळक्या टाकीचा सूड

मी एक जुनी टाकी आहे. कूलरची. नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका दुमजली घराच्या गच्चीवर, कठड्याला टेकून मी बसलेली असते. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी तसलं काही करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला सूड घ्यायचा होता. लोखंड गंजतं, त्याला भोकं पडतात, पण ते विसरत नाही!

माझा जन्म इतवारीत, रामाजी पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. दुकान अर्धं आत आणि अर्धं रस्त्यावर, समोरून हातगाड्या आणि टेम्पो सारखे चाललेले. रामाजीनं जस्ती पत्रा ठोकून ठोकून वाकवला, कोपऱ्यांना रिबिटा मारल्या, माझ्यात काठोकाठ पाणी भरलं आणि खाली कोरडा पेपर अंथरला. दिवसभरात पेपरवर एक ठिपका पडला नाही.

"घेऊन जा बाई," तो सिंधूताईला म्हणाला. "एक थेंब गळन तर माझं नाव बदलजा."

सिंधूताई म्हणजे आमच्या पायलची आजी. तेव्हा ती दवाखान्यात आयाचं काम करायची. पायल तेव्हा जन्मलीही नव्हती. माझ्यावर कूलरचा डबा चढला, तीन बाजूंना खसच्या ताट्या लागल्या, पंखा आला, छोटी मोटार आली आणि मी खालच्या खोलीच्या खिडकीत थाटात बसले.

नागपूरचा उन्हाळा मी तुम्हाला काय सांगू! मे महिन्यात नळाला येतं ते पाणी अंघोळीचं की चहाचं, तेच कळत नाही. अशा दुपारी मी सुरू झाले की अख्खं घर माझ्यासमोर येऊन पसरायचं. खसचा ओला वास खोलीभर भरायचा. "कूलर आहे म्हणून जिवंत हावो गा," असं सिंधूताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला केवढा गर्व व्हायचा! चौदा उन्हाळे मी अशी राबले.

अशा दुपारी शेजारची यमुताईसुद्धा यायची. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. तिच्याकडे नुसता छताचा पंखा, तो गरम हवा वरून खाली ढकलायचा. म्हणून जेवण झालं की ती पदरानं वारा घेत यायची आणि माझ्या अगदी समोर, सगळ्यात गार जागेवर बसायची. माझे बारीक तुषार तिच्या तोंडावर उडायचे. ती डोळे मिटून म्हणायची, "अहाहा! काय बरं वाटून राहिलं वं!"

मग सिंधूताई माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात आणायची.

"नको वं बाई. आत्ताच पेऊन आली."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चहा केला तर "आत्ताच झाला", सरबत केलं तर "घसा धरला". सुरुवातीला मला वाटलं, या बाईला तहानच लागत नसेल. पण ती गेल्यावर सिंधूताई तो भरलेला पेला हातात धरून थोडा वेळ नुसती उभी राहायची. मग ताटी जराशी सरकवून ते पाणी माझ्यात ओतायची.

मित्रांनो, तेव्हा माझ्या पत्र्यात प्रकाश पडला. या घरातलं पाणी माझ्या पंख्यातून उडून तोंडावर आलेलं त्या बाईला चालत होतं. तेच पाणी पेल्यातून चालत नव्हतं! सिंधूताईच्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, मुलं शिकली, घर बांधलं, पण यमुताईच्या डोक्यातलं जुनं कुलूप काही निघालं नव्हतं. ते नाकारलेलं सगळं पाणी माझ्या पोटात गेलं. त्या पाण्यानंच मी गंजले असणार. त्या दिवशी मी शपथ घेतली की हिला मी सोडणार नाही.

पण सूड घ्यायला आधी टिकावं लागतं. माझं बूड गळायला लागलं. पायलचे बाबा, प्रीतम, वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला आहेत. त्यांनी एक दिवस एसी आणला. कबाडीवाला पंखा घेऊन गेला, मोटार घेऊन गेला, डबाही घेऊन गेला. माझ्या बुडातून त्यानं आकाश पाहिलं आणि म्हणाला, "ये तो छलनी है, रहने दो." छलनी! मला! मग मला गच्चीवर नेऊन उपडी टाकलं. आणि माझ्या शेजारी कुणाला बसवलं असेल? त्या एसीच्या बाहेरच्या डब्याला! तो दिवसभर घुंई घुंई करायचा आणि माझ्या पाठीवर पाणी ठिबकवायचा. तीन वर्षं मी ते सहन केलं. माझ्या शत्रूंची यादी वाढतच चालली होती.

मग यंदा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, थंडी ओसरली तशी, पायल वर आली. पायल नववीत आहे. तिनं मला सरळ केलं, चारी बाजूंनी पाहिलं आणि हातोडी नि खिळा काढला. ठाक! ठाक! ठाक! माझ्या बुडाला तिनं आणखी नऊ भोकं पाडली. मी लगेच तिचं नाव यादीत घातलं.

"मम्मी, पाणी साचलं नाही पाहिजे, म्हणून भोकं," ती आईला, सरिताला, समजावत होती. "साचलं की मच्छर होतात आणि मुळं सडतात."

मग तिनं माझा गंज घासला, आत तांदळाची रिकामी गोणी अंथरली, आणि निम्मी माती, निम्मं शेणखत, वर मूठभर वाळू असं मिसळून मला भरलं. इतकं हळुवार मला कुणी भरलं नव्हतं. मी तिचं नाव गुपचूप यादीतून काढून टाकलं.

तिला लावायचा होता सब्जा. तोच, ज्याचं काळं बारीक बी उन्हाळ्यात आपण सरबतात टाकतो. आजीच्या बरणीत मागच्या उन्हाळ्याचं बी उरलं होतं. पण सब्जा म्हटला की भिजवायचा, एवढंच या घराला ठाऊक! पायलनं सवयीनं वाटीभर पाण्यात बी टाकलं. पाच मिनिटांत त्याचा बुळबुळीत गोळा झाला आणि तो गोळा तिनं माझ्यात एकाच जागी थापला. त्यावर बुरशी आली. मग दुसऱ्या खेपेला तिनं कोरडं बी चिमटीनं लांब लांब भुरभुरलं, वर नखाएवढा मातीचा थर दिला आणि स्प्रेच्या बाटलीनं पाणी मारलं. सहाव्या दिवशी माझ्या मातीला हिरवे ठिपके फुटले. मी टाकी असून मला आई झाल्यासारखं वाटलं, आता हसा हवं तर!

दाटीतली रोपं तिनं उपटली आणि बारा ठेवली. ती वाढली, चकचकीत पानं आली, वास सुटला. पण पायलचं एक चुकत होतं. रोपाला सहा-आठ पानं झाली की शेंडा खुडायचा असतो, हे तिनं व्हिडिओत पाहिलं होतं. हात मात्र होत नव्हता. "एवढी मोठी केली आणि आता मुंडकं उडवू का?" त्यामुळे झाली काय, तर बारा काड्या. उंच, एकशिवडी, वर चार पानं.

आणि या काड्यांवर पायलनं केवढं मोठं वचन देऊन ठेवलं होतं! दर चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी सरबताचा स्टॉल लागतो. येणारा जाणारा प्रत्येक जण तिथं पितो. दरवर्षी पाकिटातलं नारंगी सरबत असायचं. यंदाच्या बैठकीत पायल उभी राहिली आणि म्हणाली, "या वर्षी घरचं करू. लिंबाचं, त्यात सब्जा आणि सब्ज्याचीच ताजी पानं. पानं मी देते." सगळ्या बाया हसल्या. महिला मंडळाच्या अंजनाबाई म्हणाल्या, "ठीक हाय. पन पानं नाही आली तं माईकवर तूच सांगजो सगळ्यायले."

मार्चच्या सुरुवातीला शेंडे गायब होऊ लागले. रोज एखादा. पायलनं मान हलवत काड्या मोजल्या आणि तिला रडूच आलं. "माकडं आहेत," सरिता म्हणाली. "चिमण्या असतील," बाबा म्हणाले.

मला माहीत होतं! पण टाकीला तोंड कुठे असतं?

सकाळी सातच्या सुमाराला शेजारच्या गच्चीवरून एक हात येत होता. बांगड्यांचा. यमुताईचा! तिच्या वृंदावनातली तुळस थंडीत वाळली होती आणि तिच्या बाळकृष्णाला तुळशीशिवाय नैवेद्य चालत नाही. तिनं कठड्यापलीकडे माझ्यातली रोपं पाहिली आणि तिला वाटलं, तुळस! ती आधी डोळे मिटून मला हात जोडायची. मग चार पानांसकट कोवळा शेंडा खुडून परडीत टाकायची आणि पुटपुटायची, "यायले काय करायची हाय तुळस? पडलं असन बी." मित्रांनो, ज्या घरचं पाणी ती पीत नव्हती, त्या घरच्या गळक्या टाकीला ती रोज नमस्कार करत होती. मला हसू येत होतं आणि संतापही. मी वाट पाहत होते.

एक दिवस पायल आजीजवळ बसून हिशेब लावत होती. "आजी, एक गंमत आहे. रविवारी एकही शेंडा जात नाही. मागच्या द्वादशीलाही गेला नाही, मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय."

आजी निवडत असलेली मेथी तशीच हातात धरून हसायला लागली. "माकडाले काय रविवारची सुट्टी असते वं? रविवारी न् द्वादशीले तुळस तोडत नसतात लोकं. चोर देवभक्त हाय तुहा."

दोघींनी एकदमच शेजारच्या भिंतीकडे पाहिलं.

पायल तशीच पळत वर आली. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि पहिल्यांदाच तिनं नीट पाहिलं. जिथून शेंडा गेला होता, तिथं बाजूच्या दोन पानांच्या बगलेतून दोन नवे फुटवे निघाले होते. ज्यांचे शेंडे दोनदा गेले, त्यांना चार. चोरलेली रोपं झुडूप झाली होती आणि न चोरलेली अजून काड्याच होत्या! "अरे बापरे," ती म्हणाली. मग तिनं स्वतःच उरलेल्या सगळ्या रोपांचे शेंडे पानांच्या जोडीच्या बरोबर वर खुडून टाकले. कळी दिसली की तीही खुडायची, कारण फुलावर गेलं की पान जून होतं. एप्रिल उजाडला तेव्हा मी हिरवीगार, काठाबाहेर सांडत होते.

पण तिचा राग काही गेला नव्हता. माझा तर मुळीच नव्हता! जयंतीला तीन दिवस उरले होते. शनिवारी सकाळी पायल एसीच्या डब्यामागे दबा धरून बसली. (त्या डब्याचा आयुष्यात एवढाच उपयोग.) हात आला, नमस्कार झाला, शेंडा तुटला. यमुताई मागे वळायला गेली आणि मी माझ्या फाटक्या कोपऱ्यानं तिचा पदर धरला. घट्ट!

"सापडला चोर!" पायल उडी मारून पुढे आली.

"कोन चोर वं? मले म्हनते?" यमुताई पदर ओढत होती. मी सोडेन तर ना! "तुळशीचं पान तोडलं तं चोरी होते काय? देवाचं हाय ते."

"तुळस नाही आहे ती, काकू."

"मले शिकवते? चाळीस वर्सं झाले मले तुळशीले पानी घालून."

"मग चुरगळून वास घ्या ना."

यमुताईनं पान चुरगळलं. नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. "बडीशेपीवानी काहून येऊन राहिला?"

"सब्जा आहे तो. आमच्या आजीच्या बरणीतला."

यमुताईचा चेहरा पाहण्यासाठी मी तीन वर्षं उन्हात तापले होते असं समजा. "म्हंजे महिना-दीड महिना मी बाळकृष्णाच्या डोक्यावर..."

"आमचा सब्जा. आमच्या टाकीतला, आमच्या पाण्यावर वाढलेला. बाळकृष्ण काही बोलला का?"

"तो काय बोलन?"

"मग त्याले चालते, तर तुमाले काहून नाही चालत?"

यमुताई हळूच म्हणाली, "मी कवा म्हटलं नाही चालत? मी तं घरून पेऊन येतो न..."

"इतकी वर्षं? रोज?" पायलचा आवाज चढला. "जयंतीले मी माईकवर सांगणार आहे. अख्ख्या गल्लीले."

"नको वं लेकी!" यमुताईनं कठड्यावरून तिचा हात धरला, आणि दुसऱ्याच क्षणी जणू चटका बसल्यासारखा सोडला. मग पदर तसाच फाडून ती जिन्यात दिसेनाशी झाली. पदराची चिंधी माझ्याजवळ राहिली.

पायलनं खाली जाऊन आजीला सगळं सांगितलं. जिन्याचं दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"सांग," आजी म्हणाली. "तुले सांगाचं असन तं सांग माईकवर. मी नाही अडवत. पन मंग ते बाई घराबाहेर नाही निघनार कधी. मले ते नाही पायजे. मले तिचा गळा नाही धराचा, पायल. मले तिच्या गळ्याखालून एक घोट जातानी पाहाचा हाय."

मी गच्चीवर थरारले. मला वाटायचं की या घरात सुडाची भाषा फक्त मलाच येते!

चौदा तारखेला सकाळी, ऊन चढायच्या आत, पायल आणि सरिता कात्री घेऊन वर आल्या. प्रत्येक फांदीला खाली पानांच्या दोन जोड्या ठेवून त्यांनी वरचं सगळं कापलं. मी बोडकी झाले, पण दोन पराती भरल्या. खलबत्त्यात साखरेबरोबर पानं ठेचण्याचा आवाज आला. लिंबाचा वास आला. गल्लीच्या तोंडाशी निळे झेंडे, पांढऱ्या कापडाचं टेबल, बर्फ टाकलेला मोठा ड्रम, आणि त्यात तरंगणारा सब्जा. कठड्याच्या जाळीतून मला सगळं दिसत होतं. अंजनाबाईंनी पहिला घोट घेतला, अख्खा गिलास संपवला आणि दुसरा पुढे केला. तेवढ्यानं पायलची छाती दोन इंच फुगली!

अकराच्या सुमाराला गर्दी जमली. यमुताई तिच्या दारात उभी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. पायलच्या हातात माईक होता. तिनं यमुताईकडे पाहिलं. यमुताईनं चौकट धरली. मला वाटलं, आता! सांग! फोड!

"शेजारच्या यमुताई काकूंनी स्टॉलवर यावं," माईकवरून पायलचा आवाज घुमला. "यंदाच्या सरबतात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी रोज सकाळी लवकर उठून आपल्या हातानं शेंडे खुडले, म्हणून एवढी पानं आली. त्यांचा गिलास काढून ठेवलेला आहे!"

गल्लीनं टाळ्या वाजवल्या! त्या टाळ्यांतला डंख फक्त आम्हा चौघींना कळत होता. पायलला, आजीला, यमुताईला आणि मला. आता घरात जाणं म्हणजे कबूल करणं, आणि पुढे येणं म्हणजे पिणं. सगळी गल्ली वळून पाहत होती. यमुताईच्या पायांना दुसरी वाटच उरली नव्हती. ती आली.

सिंधूताईनं खुर्ची पुढे केली. "बस." मग स्वतःच्या हातानं गिलास दिला.

"मी आत्ताच..." यमुताईचे ओठ सवयीनं हलले. वाक्य तिथेच मेलं. तिनं गिलास तोंडाला लावला. एक घोट गेला. आजी अगदी समोर उभी राहून पाहत होती. दुसरा गेला. मग बाईला खरंच तहान लागलेली असावी, कारण उरलेलं तिनं एका दमात संपवलं आणि ओठाला चिकटलेला सब्जा जिभेनं आत घेतला.

मग ती उठली. कुणाकडे न पाहता बादलीपाशी गेली आणि आपला गिलास विसळायला वाकली.

सिंधूताईनं तिच्या हातातून गिलास काढून घेतला. "ठेव तो. आमाले लावलं होतं लोकायनं, आपलं भांडं आपन धुवाले. आमी पाहुन्याले नाही लावत."

ती मोठ्यानं बोलली नाही. पण यमुताईची मान अशी खाली गेली की माझ्या कोपऱ्यानं दहा पदर फाडले असते तरी तशी गेली नसती. माझा सूड पूर्ण झाला, मित्रांनो. मी तो घेतला नाही, सिंधूताईनं घेतला, आणि माझ्यापेक्षा फार चांगला घेतला. मी माफ केलं का? नाही केलं. पण यादीतून एक नाव पुसट झालंय, एवढं कबूल करते.

आता तुम्हाला कळकळीची विनंती. घरातलं जुनं, गळकं भांडं फेकू नका. त्यात पाणी साचू देऊ नका, भोकं पाडा, माती भरा. रोपाचा शेंडा खुडायला भिऊ नका. आणि सगळी रोपं कापू नका, दोन-तीन फुलावर, बियांवर जाऊ द्या. माझ्यात आत्ता तीन रोपांना पांढरे तुरे आलेत. महिनाभरात ते वाळतील, काळं बी झडेल आणि पायल ते कागदावर झटकून घेईल. तुम्हालाही मिळेल, हवं तेवढं. फक्त कठड्यावरून हात घालू नका. जिन्यानं या, दार वाजवा, आत येऊन बसा आणि आजी पाणी देईल ते प्या. मग बी मागा.